दत्तक देणाऱ्या एजन्सी, त्यांची फी आणि मुलांचे कागद

ओलीवाट

मूल दत्तक घेण्याच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण हा विषय काढला की चर्चा लगेच तिकडेच वळते. माझा प्रश्न मधल्या लोकांबद्दल आहे. एजन्सी, वकील, अनाथाश्रम चालवणारे, 'आम्ही मूल मिळवून देतो' म्हणणारे मध्यस्थ. मूल कुणाच्या तरी घरी गेलं तरच ज्यांच्या हातात पैसे पडतात, त्यांनीच जर हे मूल खरंच अनाथ आहे का आणि आईने मनापासून सही केली का हे ठरवायचं असेल, तर त्यातून दुसरं काय होणार?

गेल्या काही वर्षांत एकेका देशातून काय काय बाहेर आलंय बघा. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं की परदेशी दत्तक देताना कागदपत्रं खोटी केली गेली, आईवडील माहीत असताना मुलांना अनाथ दाखवलं गेलं. नेदरलँड्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आल्यावर परदेशातून दत्तक घेणं थांबवलं. डेन्मार्कमध्ये परदेशी दत्तकाचं काम करणारी एकच संस्था उरली होती, तिने जानेवारी २०२४ मध्ये काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि दर वेळी भाषा तीच, 'काही ठिकाणी गैरप्रकार झाले'. एवढ्या देशांत, एवढी वर्षं, सारखेच गैरप्रकार कसे काय होतात? माझं स्पष्ट मत आहे की चार वाईट माणसं पकडून हा प्रश्न सुटणार नाही, पैसे ज्या पद्धतीने फिरतात तीच पद्धत मुलांना घरातून बाहेर ओढते.

तुमचे अनुभव, मतं लिहा. आणि ज्यांना खरंच दत्तक घ्यायचंय त्यांनी एजन्सीला नक्की काय विचारावं, यावर कुणी नीट सांगू शकलं तर फार बरं होईल.

कोरापान

महत्त्वाचा धागा. वाचतेय.

वादळवारा

पटलं नाही. गैरप्रकार कुठल्या क्षेत्रात नसतात? म्हणून काय मुलांना संस्थेतच वाढू द्यायचं? रुमानियातल्या अनाथालयांचं १९८९ नंतर जे जगासमोर आलं ते आठवा, पाळण्यात तासन्‌तास पडून असलेली मुलं, कुणी उचलून घ्यायला नाही, बोलायला नाही. तिथून जे मूल बाहेर पडलं ते वाचलं. आपण इथे नियमांवर वाद घालतो आणि तिकडे मुलाचं एकेक वर्ष वाया जातं. पहिली तीन वर्षं गेली की गेली.

निवडुंग

वादळवारा, रुमानियाचं उदाहरण काढलंत ते बरं केलंत, कारण तिथलाच एक अभ्यास मोठा प्रसिद्ध आहे. २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर सुरू झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालक-कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये ठेवली आणि निम्म्यांची नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्यात, माया लावण्यात पुढे निघाली, आणि लहान वयात गेली त्यांचा फायदा जास्त. म्हणजे संस्था वाईट हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण ती कुटुंबं तिथलीच होती हो, बुखारेस्टमधलीच. मुलाला कुटुंब हवं हे सिद्ध झालं, मूल विमानात बसवून पाठवायला हवं हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्याच रुमानियात नव्वदच्या दशकात परदेशी दत्तकाचा असा बाजार झाला की २००१ मध्ये सरकारला ते थांबवावं लागलं.

आता मूळ मुद्दा. हे सगळं परदेशी दत्तकापासून सुरू झालं असं समजू नका. अमेरिकेत मेम्फिस शहरात टेनेसी चिल्ड्रन्स होम सोसायटीच्या शाखेत जॉर्जिया टॅन नावाची बाई १९५० पर्यंत हेच करत होती. गरीब घरातली मुलं उचलायची, बाळंतिणीकडून गुंगीत असताना सह्या घ्यायच्या, मूल मेलं असं सांगायचं, आणि दूरच्या राज्यातल्या श्रीमंत जोडप्यांना मोठ्या रकमेला द्यायचं. स्थानिक न्यायाधीश हाताशी होती. चौकशी जाहीर झाली आणि काहीच दिवसांत टॅन आजारपणाने वारली, तिच्यावर खटला चाललाच नाही. आणि दत्तकविधानाचे कागद सीलबंद करायची जी पद्धत त्या काळात पसरली तिचा तिला आयता फायदा झाला. मुलाचा मूळ जन्मदाखला बंद, नवीन दाखल्यावर दत्तक आईवडिलांची नावं. मुलाच्या भल्यासाठी म्हणून केलेला नियम चोरी झाकायला कामी आला.

चांदणवेल

मी दत्तक आई आहे. धागा वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. 'बाजार', 'धंदा', 'चोरी' हे शब्द वाचले की आमच्यासारख्यांकडे लोक कसं बघतील हाच विचार येतो. आम्ही रीतसर अर्ज केला, घरभेटी झाल्या, वर्षानुवर्षं वाट बघितली, कोर्टाचा आदेश घेतला. एकही पैसा टेबलाखालून दिला नाही. माझी मुलगी हे सगळं उद्या वाचेल तेव्हा तिने काय समजायचं? की तिला विकत आणलं? थोडं जपून लिहा एवढीच विनंती आहे.

ओलीवाट

चांदणवेल, तुमच्यावर बोट नाहीये. उलट मला वाटतं सगळ्यात जास्त फसवणूक जन्मदात्या आईची होते आणि तिच्या खालोखाल तुमच्यासारख्या पालकांची. तुम्ही सगळं रीतसर केलंत. तुमच्यापर्यंत कागद येईपर्यंत आधी काय झालं होतं हे तुम्हाला कळायची सोयच नसते, माझा राग त्या व्यवस्थेवर आहे.

सातवासूर

मी या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

लोकांना वाटतं गैरप्रकार म्हणजे मूल पळवणं. तसं होतंही, पण जास्त वेळा जे होतं ते एवढं ढळढळीत नसतं. एकटी, गरीब, घरच्यांनी हाकललेली गरोदर मुलगी एजन्सीकडे येते. राहायची सोय होते, औषधपाणी होतं, आणि हा सगळा खर्च एक जोडपं करतंय हे तिला माहीत असतं, काही ठिकाणी तर ते जोडपं तिला येऊन भेटतं, पोटावर हात ठेवून बाळाशी बोलतं. समुपदेशन करणारी बाई एजन्सीच्या पगारावर. बाळंत झाल्यावर कॉरिडॉरमध्ये ते दोघं नवं झबलं, टोपी घेऊन बसलेले, आणि आत हिच्यासमोर फॉर्म. अंगात टाके आहेत, दूध उतरतंय, झोप नाही. ती काय म्हणणार? 'त्यांनी एवढं केलं माझ्यासाठी, आता नाही कसं म्हणू,' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. तिच्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी ओरडलं नाही. कागदावर 'स्वेच्छेने' असंच लिहिलेलं असतं आणि सही तिचीच असते.

हे ओळखूनच देशादेशांतल्या दत्तकासाठी झालेल्या १९९३ च्या हेग करारात लिहिलंय की आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची, पैसे किंवा मोबदला देऊन मिळवलेली नको, आणि मूल दत्तक देण्याजोगं आहे हे ठरेपर्यंत दत्तक घेणाऱ्यांचा आईवडिलांशी संपर्क नको (नात्यातलं दत्तक वगैरे सोडून). भारताच्या बाल न्याय कायद्यात मूल सुपूर्द केल्यावर आईवडिलांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. चांगली तरतूद आहे. पण त्या दोन महिन्यांत तिला भेटायला कोण जातं, 'बाळ परत हवं असेल तर अजून वेळ आहे' हे तिला तिच्या भाषेत कोण सांगतं, यावर सगळं आहे. कागदावर मुदत आणि तिला पत्ताच नाही, असं असेल तर त्या मुदतीला काय अर्थ?

आणि एक गोष्ट जी मला रात्री झोपू देत नाही. यातल्या कितीतरी जणींना मूल ठेवायला जे लागत होतं ते फार नव्हतं. काही महिने डोक्यावर छप्पर, बाळाला सांभाळायला कुणीतरी, घरच्यांशी बोलायला एक मध्यस्थ. दत्तक प्रक्रियेत जेवढा पैसा फिरतो त्याच्या अगदी थोड्या भागात हे झालं असतं. पण त्या कामाची फी कुणी भरत नाही.

कोरापान

सातवासूर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. लिहीत राहा.

अर्धविराम

मी स्वतः दत्तक गेलेला मुलगा आहे, आता चाळिशीत. ज्यांनी वाढवलं ते माझे आईबाबा, त्यात शंका नाही आणि त्यावर कुणाशी वाद घालायची इच्छा पण नाही.

माझी फाइल मिळवली तेव्हा त्यात दोन जन्मतारखा निघाल्या. एका कागदावर टाइप केलेलं, 'बेवारस सापडलेले बालक, पालक अज्ञात'. दुसऱ्या एका पिवळ्या पडलेल्या कागदाच्या मागे पेन्सिलने एका बाईचं वय लिहिलेलं, पुढे गावाचं नाव, आणि ते नाव रबराने खोडलेलं. दिव्यासमोर धरलं तर पहिलं अक्षर दिसतं, बाकी नाही. पालक अज्ञात होते तर वय कुणाचं लिहिलं? संस्थेला विचारलं, उत्तर आलं की जुनं रेकॉर्ड पाण्याने खराब झालं. पत्र लिहिलं, परत तेच उत्तर.

डॉक्टर विचारतात घरात कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार, मी दर वेळी 'माहीत नाही' लिहितो. आता माझ्या मुलांच्या फॉर्मवर पण तेच लिहावं लागतं. म्हणजे कुणीतरी एका दिवसात रबर फिरवलं आणि ते तीन पिढ्यांना पुरलं.

मला कुणाकडून पैसे नकोत, कुणाला तुरुंगात टाकायचं नाही. माझी आई मला शोधत होती का एवढंच कळलं तरी बास.

चांदणवेल

अर्धविराम, काय लिहू कळत नाही. तुम्हाला तुमचं उत्तर मिळो.

पिंपळपान

कोरियाबद्दल थोडी भर घालतो कारण ते उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. युद्धानंतर सुरू झालं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे वाटतं युद्धातली अनाथ मुलं गेली असतील. पण सगळ्यात जास्त मुलं गेली ती १९८० च्या दशकात, देश झपाट्याने पुढे येत होता तेव्हा. त्या दशकाच्या मध्याला वर्षाला आठ हजारांहून जास्त. एकूण आकडा दोन लाखांच्या घरात सांगतात. सरकारला समाजकल्याणावर खर्च करायचा नव्हता, अविवाहित आयांना समाजात जागा नव्हती, आणि एजन्सींना परदेशी पालकांकडून फी आणि देणग्या मिळत होत्या. तिघांची सोय एकाच दिशेने. एजन्सीकडेच मुलाचं पालकत्व, एजन्सीच मूल देणार, एजन्सीच कागद बनवणार. त्यातला सगळ्यात भयानक प्रकार म्हणजे एखाद्या मुलाचं पाठवण्याआधी निधन झालं किंवा घरचे परत घेऊन गेले तर त्याच्या नावावर, त्याच्याच कागदांवर दुसरं मूल पाठवायचं. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीतली माणसं डीएनए चाचणी करतात आणि त्यांना कळतं की फाइलमधलं बाळ आपण नाहीच.

आयोगाकडे ३६७ तक्रारी आल्या होत्या, मार्च २०२५ मध्ये त्यातल्या ५६ जणांच्या बाबतीत हक्कभंग मान्य केला. बाकीच्यांतल्या कितीतरी जणांचा निर्णय कागद अपुरे म्हणून लांबला. ज्यांनी कागद नीट ठेवले नाहीत त्यांच्यामुळेच पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून न्याय नाही. अर्धविराम, तुमचं वाचून हेच आठवलं.

वादळवारा

हे सगळं वाईट आहे, मान्य. पण तुम्ही सगळे जुन्या गोष्टी सांगताय. आता हेग करार आहे, केंद्रीय यंत्रणा आहेत, ऑनलाइन नोंदणी आहे. भारतातच बघा, १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, नंतर कारा ही केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा आली, २०१५ पासून सगळ्या नोंदण्या एकाच ऑनलाइन यादीत. आता कसली चोरी?

निवडुंग

पांडे खटला झाला तोच मुळी तक्रारीवरून हो. वकिलाने १९८२ मध्ये न्यायालयाला पत्र लिहिलं की दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार चाललाय. नियम आले, आणि त्यानंतरही नव्वदीच्या शेवटी आंध्र प्रदेशात संस्थांनी लंबाडा (बंजारा) वस्त्यांमधून मुली विकत घेतल्याची प्रकरणं निघालीच. नियम आले की व्यापारी नियमाप्रमाणे कागद बनवायला शिकतो. एकच मध्यवर्ती यादी झाल्याने संस्थेला हव्या त्या जोडप्याला मूल देता येत नाही हे खरं, आणि ते फार चांगलं झालं. पण मूल त्या यादीत येण्याआधीचा टप्पा, म्हणजे 'हे मूल सोडलेलं आहे' हे ठरवणं, तिथे लक्ष कमी असतं.

जुन्या गोष्टी म्हणताय म्हणून अलीकडच्या सांगतो. ग्वाटेमाला. तिथे नोटरी वकीलच सगळं करायचे, कोर्टाच्या आदेशाची गरज नाही. २००७ या एका वर्षात तिथून अमेरिकेत चार हजारांहून जास्त मुलं गेली, एवढासा देश. गरोदर बायका शोधायला दलाल ठेवलेले. सही करणारी बाई खरी आई आहे का हे बघायला डीएनए चाचणी सक्तीची केली, तर नमुन्यातच घोळ करायला लागले, म्हणून दुसऱ्यांदा चाचणी सुरू करावी लागली. शेवटी डिसेंबर २००७ मध्ये कायदा करून ती खासगी पद्धत बंद केली.

मग मागणी गेली कुठे? इथियोपियात. २०१० मध्ये तिथून अमेरिकेत अडीच हजारांच्या आसपास. खेड्यातल्या कितीतरी आईवडिलांना सांगितलं होतं की मूल शिकायला जातंय, मोठं होऊन परत येईल, पत्र पाठवेल. कायमचं नातं तुटतं ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती. २०१८ च्या जानेवारीत इथियोपियाने परदेशी दत्तकावर बंदी घातली. त्याआधी कंबोडिया, अमेरिकेने २००१ च्या डिसेंबरमध्ये थांबवलं. एक देश बंद झाला की एजन्सीची गाडी पुढच्या देशात, कायदा सैल असेल तिथे. म्हणून म्हणतो, ओलीवाट यांचा मूळ मुद्दा बरोबर आहे. देश बदलले, माणसं बदलली, फीची रचना बदलली नाही आणि परिणामही बदलला नाही.

दवबिंदू

निवडुंगदादा, तुमच्या प्रतिसादांना आता अनुक्रमणिका लागणार :) पण थांबू नका, खूप नवीन कळतंय.

शिक्षा होते का कुणाला पण?

निवडुंग

होते पण कशासाठी होते ते बघा. कंबोडियाच्या प्रकरणात जी मुख्य अमेरिकन मध्यस्थ होती तिला २००४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली, गुन्हा व्हिसाची फसवणूक आणि काळा पैसा पांढरा करणं. आईपासून मूल तोडलं याचा वेगळा गुन्हाच लागला नाही. कारण मानवी व्यापाराच्या बऱ्याच व्याख्यांत पुढे शोषण व्हायला हवं, मजुरी, वेश्याव्यवसाय वगैरे. मूल चांगल्या घरात गेलं, लाडात वाढलं, तर कायद्याला शोषण दिसत नाही. आईचं काय झालं हा प्रश्न त्या कलमात बसतच नाही.

दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं. पॉल पीटरसन, वकील आणि वर निवडून आलेला सरकारी अधिकारी. मार्शल बेटांवरच्या गरोदर बायकांना पैसे देऊन विमानाने आणायचा, घरांत दाटीवाटीने ठेवायचा, बाळं दत्तक द्यायचा. दत्तकासाठी म्हणून तिथल्या बायकांनी अमेरिकेत येण्यावर दोन्ही देशांच्या करारात मनाई होती, तरी. २०२० च्या डिसेंबरमध्ये ७४ महिन्यांची शिक्षा एका राज्यात, बाकीच्या नंतर वेगळ्या. हे काही जुनं नाही.

रानजाई

यात संकटाच्या वेळी होणारे प्रकार कुणी लिहिले नाहीत अजून. २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेची माणसं चाडमधून १०३ मुलं विमानाने नेताना पकडली. शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची अनाथ मुलं म्हणून नेत होते, आणि निघालं काय तर बहुतेक मुलं चाडचीच, घरी आईबाप असलेली. मुलांना खोट्या पट्ट्या बांधल्या होत्या जखमी वाटावीत म्हणून. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर ३३ मुलं सीमेपलीकडे नेणारा अमेरिकन गट पकडला, तिथेही तेच.

मला यात सगळ्यात जास्त त्रास होतो तो 'आम्ही चांगल्या हेतूने करत होतो' याचा. हेतू चांगला असेल तर आधी मुलाच्या मावशीला, आजीला शोधा ना. संकटात मूल एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ आहे असं नाही, ते हरवलेलं असतं. घरचे त्याला शोधत असतात आणि तुम्ही त्याला हजारो मैल लांब नेऊन ठेवता.

वादळवारा

रानजाई, या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. आपत्तीच्या वेळी कुठलंही मूल देशाबाहेर जाऊ नये.

पण माझा प्रश्न तसाच आहे. बंदी घातली की जी मुलं खरंच कुणाचीच नाहीत त्यांचं काय? मोठी झालेली, अपंग, भावंडांसकट असलेली. त्यांना देशात कोणी घेत नाही. परदेशातले लोकच घेतात.

सातवासूर

वादळवारा, हाच खरा प्रश्न आहे आणि मी त्यावर बंदीवाल्यांशी भांडलेली आहे. सात-आठ वर्षांचं मूल, दोन भावंडं एकत्र, ऐकू न येणारं मूल, यांना खरंच घर मिळत नाही, आणि यांच्यापैकी कुणाला चांगलं घर मिळत असेल तर पासपोर्टचा रंग बघून मी नाही म्हणणार नाही. पण तुम्ही एजन्सींच्या प्रतीक्षायाद्या बघा. रांग कशाची असते? तान्हं, निरोगी, आधीचं काही न आठवणारं बाळ. आणि संस्थांमध्ये जी मुलं आहेत त्यांच्यातली बहुतेक मोठी, आणि त्यांच्यातल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. म्हणजे वाट बघणारी मुलं वेगळी आणि लोक ज्याची वाट बघतायत ते मूल वेगळं. ही जी फट आहे ना, तीच दलाल भरून काढतो. संस्थेतल्या मुलाला घर मिळवून देण्यात त्याला पैसा नाही, म्हणून तो गरोदर बायकांच्या मागे फिरतो.

म्हणून 'इतकी मुलं अनाथ आहेत' आणि 'इतकी जोडपी रांगेत आहेत' हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी भाषण करायला लागलं की मला राग येतो.

अर्धविराम

बरोबर. आणि मूल गेल्यावर पुढे काय याची जबाबदारी कुणाची? अमेरिकेत दत्तक गेलेल्या कितीतरी जणांचं नागरिकत्वच पालकांनी पूर्ण केलं नव्हतं. २००० साली अशा मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा झाला पण २००१ च्या फेब्रुवारीत तो लागू होताना जे १८ च्या वर होते ते त्यातून वगळले गेले. त्यातल्या काहींना मोठेपणी, भाषा येत नाही अशा देशात परत पाठवलंय. रॉयटर्सने २०१३ मध्ये शोध घेतला तेव्हा दिसलं की मूल 'जमत नाही' म्हणून पालक इंटरनेटवर गट करून ओळखपाळख नसलेल्यांना मुलं देऊन टाकत होते, एका मुखत्यारपत्रावर. एजन्सी तोवर पैसे घेऊन मोकळी.

मुक्कामपोस्ट

थोडं अवांतर. नात्यात दत्तक देणंघेणं सगळीकडेच होतं, भावाचं मूल बहिणीकडे वगैरे. तिथे हे प्रश्न येत नाहीत ना?

रानजाई

वेगळे येतात. मुलाला लग्नात कुणीतरी सांगतं की तुझी खरी आई ती बघ पंगतीत बसलीय. लपवाछपवीचं दुखणं तिथेही असतंच. पण निदान आई कुठे आहे हे माहीत असतं.

चांदणवेल

मी दोन दिवस परत परत हा धागा वाचतेय. माझं मत अजूनही आहे की दत्तक पालकांच्या बाजूने यात कमी बोललं गेलं. आम्हाला कुणी सांगत नाही. एजन्सीत गेलो की बाळाचा फोटो आधी दाखवतात आणि कागद नंतर. फोटो बघितल्यावर कुठल्या आईला कागदातल्या तारखा तपासायचं भान राहतं? हे मुद्दाम करतात असं मला आता वाटतं आणि त्याचा संताप येतो.

माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो अर्धविराम यांना आहे. समजा एखाद्या पालकाला नंतर शंका आली, कागदात काही जुळत नाही असं दिसलं, मूल अजून लहान आहे. काय करावं? शोधायला गेलो आणि खरंच काही निघालं तर मूल हातचं जाईल अशी भीती सगळ्यांनाच असते, बोलत कुणी नाही.

अर्धविराम

चांदणवेलताई, भीती समजू शकतो. माझ्या आईलाही होती, तिने शेवटी बोलून दाखवली. मी माझ्यापुरतं सांगतो. शोधा. आत्ताच शोधा, कारण माणसं मरतात, दवाखाने बंद होतात, नर्स निवृत्त होतात. मूल अठराचं झाल्यावर ठरवेल असं म्हणून थांबलात तर त्याच्याकडे ठरवायला काही उरत नाही. सापडेल ते सगळं मुलासाठी जपून ठेवा, वयाप्रमाणे सांगा. माझ्या आईबाबांनी हे केलं असतं तर मी त्यांच्यापासून लांब गेलो नसतो, उलट या शोधात आपण एकटे पडलोय असं रात्री-अपरात्री वाटलं नसतं.

ओलीवाट

चर्चा खूप छान चाललीय, सगळ्यांचे आभार. पण माझा शेवटचा प्रश्न राहिला. समजा कुणी उद्या अर्ज करणार आहे. एजन्सीला काय विचारायचं?

सातवासूर

पहिला प्रश्न, आमचं दत्तक झालंच नाही तर भरलेल्या पैशांचं काय, आणि मूल मिळाल्यावर 'देणगी' अपेक्षित आहे का. देणगी हा शब्द निघाला की उठून या. हेग करारात फक्त खर्च आणि वाजवी व्यावसायिक फी घ्यायला परवानगी आहे, तेव्हा कुठल्या कामाचे किती हे लेखी मागा. दुसरं, आईचं समुपदेशन कोण करतं आणि त्या व्यक्तीला पगार कोण देतं. तिसरं, गेल्या वर्षी किती मुलं परत आईकडे किंवा नातेवाइकांकडे गेली. या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा. जी संस्था खरंच काम करते ती अभिमानाने सांगते, कारण ते तिच्या कामाचं यश असतं. जी नुसती मुलं देते तिला प्रश्नच कळत नाही.

निवडुंग

आणि 'आमच्याकडे लवकर मिळतं' असं कुणी म्हणालं तर का लवकर मिळतं हे विचारा. सरळ मार्गाने लवकर मिळत नाही. सोडलेल्या मुलाचे पालक शोधायचे, जाहिरात द्यायची, मुदत थांबायचं, याला वेळ लागतो. तो वेळ कुणीतरी वाचवला असेल तर कुणाच्या तरी वाट्याचा वाचवलाय. घाई असलेल्या जोडप्याला हे ऐकायला कठीण जातं, पण ऐकायला हवं.

दवबिंदू

मूल नेमकं कुठे सापडलं, कुणाला सापडलं, पोलिसात नोंद आहे का, हे पण विचारायला हवं ना? अर्धविराम यांच्या फाइलवरून सुचलं.

अर्धविराम

हो, आणि तोंडी उत्तर घेऊ नका. मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत मागा. कोऱ्या दिसणाऱ्या बाजूची सुद्धा. मुलाच्या अंगावर तेव्हा काय होतं, सोबत काय होतं, चिठ्ठी होती का, ते कपडे संस्थेने ठेवलेत का, हे त्याच आठवड्यात विचारा, पुढे कुणी सांगणार नाही. मूळ नाव बदललं असेल तर जुनं नाव लिहून घ्या. आणि संस्था म्हणाली की कायद्याने देता येत नाही, तर कुठल्या कलमाने ते लेखी मागा, निम्म्या वेळा तिथेच कागद निघतो.

मुक्कामपोस्ट

माझ्या बहिणीचं अर्जाचं चाललंय, हे शेवटचे पाच-सहा प्रतिसाद तिला पाठवतोय. सातवासूर, तिला काही विचारायचं असेल तर तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला तर चालेल का?

सातवासूर

चालेल, जरूर सांगा तिला. फक्त फोटो बघण्याआधी निरोप करायला सांगा.